सशाच्या मागे काय होतं

दादा रोज सकाळी घरातून निघताना गॅसच्या शेगडीचा मोबाइलवर फोटो काढायचे. ऑफिसला जाताना वाटेत गाडी बाजूला घ्यायचे, फोटो उघडून मोठा करायचे, सगळी बटणं बंद आहेत ना ते बघायचे आणि मग म्हणायचे, "चल." मी शेजारी बसलेलो असायचो. एकदा न राहवून म्हटलं, "दादा, फोटो काढताना बंद होती, म्हणजे बंदच असणार ना?"

"आणि फोटो काढल्यावर कोणी चालू केली तर?"

"घरात कोण आहे? वहिनी तर आपल्या आधी निघाल्या."

"तेच म्हणून राहिलो ना मी," दादा गंभीरपणे म्हणाले. "घरात कोणी नाही, आणि शेगडी चालू. विचार कर."

२०१४ साली मी पुण्याहून आयर्लंडमधल्या नास या गावी राहायला आलो, तेव्हा पाठीमागच्या गल्लीत दादा राहायचे. आम्ही एकाच कंपनीत होतो. डब्लिनच्या ऑफिसला जायला त्यांच्या गाडीत जागा होती आणि माझ्याकडे अजून गाडी नव्हती. ते मूळचे नागपूरचे, माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे. नासमधली सगळी मराठी मंडळी त्यांना दादाच म्हणायची. मागे मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की एवढा भित्रा माणूस आपण पाहिलेला नाही.

मोटरवेवर ते गाडी घालायचे नाहीत. जुन्या रस्त्यानं, गावागावांतून, सिग्नल खात आम्ही जायचो आणि रोज उशिरा पोचायचो. कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी बाहेर पडायचं दार शोधायचे आणि त्याच्याजवळची खुर्ची धरायचे. सरकारी शिक्का असलेलं पाकीट आलं की स्वतः उघडायचे नाहीत, मुलीला उघडायला लावायचे. ती शाळकरी पोर वाचून म्हणायची, "बाबा, इट्स ग्रँड," म्हणजे सगळं ठीक आहे, तरी दादा दोनदा विचारायचे, "नक्की ग्रँड ना?" चहाचा कप त्यांच्या हातात सतत थोडा वाजायचा.

या सगळ्याची त्यांना लाज नव्हती. म्हणायचे, "भीती म्हणजे बिनपगारी वॉचमन आहे. सुट्टी नाही घेत, झोपत नाही. त्याला कशाला हाकलायचं?"

त्यामुळे दादांकडे रिव्हॉल्वर आहे असं वहिनींनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. वरच्या मजल्याकडे बघत, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "भिंतीत पक्की केलेली तिजोरी आहे. मी त्या खोलीत केर काढायलासुद्धा जात नाही. तू त्यांना काही बोल ना. तुझं ऐकतील."

मी काय बोलणार होतो? मला स्वतःलाच त्या जिन्याकडे बघवेना. बंदूक म्हणजे मी आजवर फक्त बँकेच्या दारातल्या गुरख्याच्या खांद्यावर पाहिलेली. त्या दिवसापासून दादांच्या घरी जेवायला बसलो की डोक्यावर, छताच्या पलीकडे, ती वस्तू आहे हे मला सारखं जाणवत राहायचं.

त्या रिव्हॉल्वरची कथा दादांनी गाडीत सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी ते टेक्सासला चुलतभावाकडे गेले होते. तो भाऊ पॉइंट टू-टूचं रिव्हॉल्वर कमरेला लावून ससे मारायला रानात हिंडायचा. दादांना त्यानं बळेच नेलं. पहिला दिवस दादा नुसते थरथरत त्याच्या मागून चालले. दुसऱ्या दिवशी त्यानं ते दादांच्या हातात दिलं.

"आणि?"

"आणि काय, हात थरथरायचा थांबला." दादांनी समोरच्या सायकलवाल्याला मैलभर जागा देत गाडी हळू केली. "बघ, बाकीच्या सगळ्या भीतीचं तोंड कुठं असतं ते आपल्याला माहीत नसतं. नोकरी जाईल, आजार होईल, घर पेटेल. कुठून येणार, समजत नाही. याचं तोंड कुठं आहे ते मात्र मला माहीत आहे. नळीच्या पुढं. तेवढी एक दिशा सांभाळायची."

रायफलनं मारणं आणि रिव्हॉल्वरनं मारणं यांतला फरक ते असा सांगायचे: रायफल म्हणजे फोनवर बोलणं, रिव्हॉल्वर म्हणजे समोर बसून बोलणं. सशाच्या इतकं जवळ जावं लागतं की त्याचा कान हललेला दिसतो. दहातले नऊ ससे पळून जातात. ते पळालेले ससे सांगताना दादांचा चेहरा खुलायचा. आयर्लंडमध्ये मात्र रिव्हॉल्वर घेऊन शिकारीला जाता येत नाही. परवाना मिळतो तो क्लबच्या रेंजवर, निशाणावर मारण्यापुरता, आणि तोही मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. पोलीस घरी येऊन तिजोरी बघून जातात. सरकारी पाकिटाला भिणाऱ्या माणसानं हे सगळं पार पाडलं होतं. सशांसाठी म्हणून त्यांनी पॉइंट टू-टूच्याच एका साध्या रायफलचाही परवाना काढला होता.

नव्या लोकांना रेंज दाखवायचा एक दिवस क्लबमध्ये असायचा. त्या शनिवारी दादा मला घेऊन गेले. मी का गेलो? वहिनींना 'मी बघून आलो, काही भ्यायचं नाही' असं सांगता यावं म्हणून, बहुधा.

डोंगराच्या कुशीत, जुन्या खाणीच्या खड्ड्यात ती रेंज होती. निशाणांच्या मागे मातीचा उंच ढिगारा. कानावर जाड मफ, डोळ्यांवर चष्मा. दादांनी रिव्हॉल्वर उघडलं आणि गोळ्यांचं गोल फिरकं बाजूला काढून उजेडासमोर धरलं. "याला सिलिंडर म्हणतात, पण तू घाबरू नको, तो घरचा नाही," असा विनोदही केला. भोकांतून आकाश दिसत होतं. "म्हणून मला हेच आवडतं. रिकामं आहे की भरलेलं, डोळ्यांनी दिसतं. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही."

मग ते उभे राहिले. अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप हळूच दाबायचा. आवाज मला वाटला होता त्याच्या निम्म्यानंही नव्हता, वाळलेली फांदी मोडावी तसा. पुठ्ठ्यावरच्या काळ्या गोलात एक भोक पडलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. चहाचा कप वाजवणारा तो हात दगडासारखा स्थिर होता. मध्येच थांबून ते स्वतःशीच हसले. ऑफिसात, घरात, गणपतीत, कुठंही मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले.

पहिल्या दोन गोळ्या कुठं गेल्या देव जाणे. तिसऱ्यांदा चाप दाबला आणि नुसतं 'टक्' झालं. काहीच उडालं नाही. बिघडलं वाटतं, म्हणून मी ते तोंडाजवळ आणून बघायला मनगट वळवायला लागलो.

दादांची मूठ माझ्या मनगटावर बसली.

"हलवू नको." असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "समोर. मातीकडे. तसाच धर."

"दादा, पण उडालीच नाही..."

"नाही उडाली असं तुला वाटून राहिलं. आत काय चाललंय ते तुला माहीत नाही. कधीकधी उशिरा उडते."

आम्ही तसेच उभे राहिलो. माझ्या हातात एक गोळी होती, जी उडणार होती किंवा नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मग दादांनी हलकेच ते माझ्या हातातून घेतलं, उघडलं, आणि ते काडतूस काढून मला दाखवलं. पितळेचं, करंगळीच्या पेराएवढं. या जातीच्या काडतुसाची पेटणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असते. घोडा त्या कडेवर आपटतो. म्हणून ही काडतुसं स्वस्त, धक्का कमी, आवाज कमी. पण कडेत एखाद्या ठिकाणी दारू पोचलेली नसली की फुसकं निघतं. घोड्याचा घाव कडेवर उमटला होता, बारीक, नखानं खूण करावी तसा.

"भीती वाटली?" दादांनी विचारलं.

"हो."

"शाब्बास. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मला सांग. मी हे विकून टाकीन."

वहिनींना मी सांगितलं, दादा फार काळजी घेतात. ते खरंच होतं.

नासपासून थोडं दूर, टेकड्यांच्या बाजूला, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. सशांनी त्याच्या कुरणाची चाळण केली होती, म्हणून त्यानं दादांना तिथं रायफल चालवायची परवानगी दिली होती. दादा महिन्यातून एखाद्या संध्याकाळी जायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत यायचे. कधी एखादा ससा मिळाला तर नागपुरी सावजी मसाला घालून रस्सा करायचे. तो खाताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि आपण काय खातोय याचा विचार करायला फुरसत मिळायची नाही.

रिकाम्या हाताचं कारण असं, की दादा गोळी मारायचेच नाहीत. ससा दिसला की आधी सशाच्या मागं काय आहे ते बघायचे. मागं उतार असेल, माती असेल, तरच. नुसतं झुडूप असेल तर नाही. रस्ता असेल तर नाही. मलाही ते गाडीत दहादा ऐकवायचे, "ससा बघायला कोणीही शिकतो. सशाच्या मागं काय आहे ते बघायचं." शेतकरी वैतागायचा. माझ्याकडे बघून म्हणायचा, "युअर मॅन सशाला मारणार आहे की त्याचं बारसं करणार आहे?" तिकडे 'युअर मॅन' म्हणजे तुझा माणूस नव्हे, 'हा बाबाजी' असा अर्थ. त्याच्या बोलण्यात विष नव्हतं, पण दर वेळी तेच बोलायचा आणि दर वेळी मोठ्यानं हसायचा. दादाही हसायचे. माझ्या मते त्यांना ते लागत होतं.

रेंजवर गेलो त्याच वर्षी, सप्टेंबरच्या एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ऊन अजून होतं, पण तिरपं. वारा एवढा, की ॲशच्या झाडांच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना. दादा गुडघ्यावर बसले होते, मी त्यांच्या मागं, आणि शेतकरी माझ्या शेजारी काठीवर रेलून. कुरणाच्या टोकाला झुडपांचं उंच, दाट कुंपण होतं. त्याच्या पायथ्याशी एक ससा बाहेर आला आणि आमच्याकडे कुशी करून चरत बसला.

एक ससा त्यांनी आधीच सोडला होता. शेतकरी पुटपुटला, "झालं. आता याचीही कुंडली मांडेल."

दादांनी रायफल खांद्याला लावली. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. बराच वेळ ते तसेच राहिले. मग ससा उडी मारून कुंपणात दिसेनासा झाला. दादांनी रायफल खाली आणली आणि नळी समोरच्या मातीत रोखून धरली. उठले नाहीत, वळले नाहीत, नुसते गोठल्यासारखे बसून राहिले.

"काय झालं?" शेतकऱ्यानं ओरडून विचारलं.

दादांनी एक हात मागं करून गप्प राहायची खूण केली.

आणि त्याच वेळी कुंपणाच्या फटीतून, ससा बसला होता त्याच्या बरोब्बर मागून, शेतकऱ्याची बायको बाहेर आली. सत्तरीची बाई. अंगात मातकट रंगाचा स्वेटर, हातात बादली. पलीकडच्या अंगाला वाकून ती ब्लॅकबेरी तोडत होती. आम्हाला बघून तिनं हात हलवला.

शेतकऱ्याच्या हातातून काठी पडली. "तुला सांगितलं होतं ना आज इकडे येऊ नकोस म्हणून!" असं तो ओरडला, पण त्याचा आवाज चिरकला. तिला एका कानानं कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, "केव्हा सांगितलंस?"

मग तो दादांकडे गेला. त्यानं दादांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. "तू पाहिलंस तिला," तो म्हणत राहिला. "मी हसत होतो तुला. तू पाहिलंस." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दादांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी रायफल रिकामी केली, काहीतरी खिशात टाकलं आणि गाडीकडे चालू लागले.

शेतकऱ्यानं ही गोष्ट पबमध्ये सांगितली. मी मराठी मंडळात सांगितली. भित्रा म्हणून ज्यांची टिंगल व्हायची, त्या दादांच्या भीतीनं एक जीव वाचवला. यापेक्षा चांगली गोष्ट कुठली? दिवाळीच्या कार्यक्रमात कोणीतरी माइकवरून ती सांगितली आणि हॉलभर टाळ्या झाल्या. दादा दाराजवळच्या खुर्चीवरून उठले आणि बाहेर निघून गेले. लोकांना वाटलं, लाजले.

मला मात्र दुसरंच दिसत होतं. त्यांनी शेगडीचा फोटो काढायचं बंद केलं होतं. एके सकाळी त्यांनी न बोलता गाडी मोटरवेवर घातली. शेजारून ट्रक धडधडत जात होते, पाऊस काचेवर आपटत होता, आणि दादा स्थिर नजरेनं, भरधाव गाडी हाकत होते. पट्टासुद्धा लावला नव्हता. मी म्हटलं, "दादा, पट्टा." ते म्हणाले, "हं," आणि लावला नाही. मला वाटायचं, दादांच्या भित्रेपणाचा आपल्याला कंटाळा आहे. त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांच्या गाडीत बसताना मीच माझा पट्टा दोनदा ओढून बघायचो. वहिनींचा एकदा फोन आला. "ते रात्री दारसुद्धा तपासत नाहीत रे. मला कसंतरी होतंय."

मी शेवटी एका सकाळी म्हटलं, "गाडी थांबवा. मी उतरतो."

त्यांनी मोटरवे सोडला आणि एका बंद पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी उभी केली. वायपर चालू होते. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक काडतूस काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. बुडाच्या कडेवर बारीक घाव होता.

मला आधी कळलं नाही. मग आठवलं, रेंजवरच्या त्या फुसक्या काडतुसावर असाच घाव होता.

"सगळे म्हणतात मी थांबलो," दादा म्हणाले. "मी नाही थांबलो. मी चाप ओढला होता. टक् झालं. वाऱ्यात तुम्हाला ऐकू नाही आलं."

"दादा..."

"मी तिला पाहिलंच नव्हतं. मला फक्त ससा दिसून राहिला होता. मागं झुडूप होतं, तेही दिसलं, आणि मी म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा. हा म्हातारा हसतो ना, होऊन जाऊ दे." त्यांनी मूठ मिटली. "माझा वॉचमन झोपला होता बे. ती जिवंत आहे ते कारखान्यात कोणाच्या तरी हातून एक काडतूस खराब निघालं म्हणून. आणि मला टाळ्या."

"कुणाला काही झालं नाही ना," असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तिला सांगावं लागेल," ते म्हणाले. "तू चल माझ्यासोबत. एकट्यानं माझे पाय नाही चालणार."

मी त्यांना विरोध केला. सांगून काय मिळणार, पोलिसांत जातील, परवाना जाईल, आणखी काय काय होईल, म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्यावर गोळी झाडली गेली असती, तर मला माहीत असायला हवं होतं की नाही?"

शेतकरी गुरांच्या बाजाराला गेला होता त्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. तिनं नेहमीसारखं हसून आत घेतलं, किटली ठेवली, प्रेसमधून बिस्किटांचा डबा काढला. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. दादा खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांचं इंग्रजी मोडलं, आवाज इतका खाली गेला की तिला चांगला कान पुढं करावा लागला. मग त्यांना तेच सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्यांनी काडतूस टेबलावर ठेवलं. तिनं चष्मा लावून ते पाहिलं. हात लावला नाही.

"एवढंसं?" ती म्हणाली.

किटली उकळून आपोआप बंद झाली. कोणी उठलं नाही.

"तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं," ती म्हणाली.

"हो."

"मी चांगली झोपत होते रे." ती हे रागानं म्हणाली नाही. मग ती उठली, दारामागचा कोट काढला. "चल. मला दाखव."

आम्ही तिघं कुरणात गेलो. तिनं दादांना ते बसले होते तिथं बसायला लावलं, आणि ती स्वतः फाटकातून वळसा घेऊन कुंपणाच्या पलीकडे गेली. पानं गळायला लागली होती, तरी झुडूप दाट होतं. थोड्या वेळानं पलीकडून तिचा आवाज आला.

"दिसतेय का मी?"

"नाही," दादा म्हणाले.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

"नाही!"

पानं हलली. "आता?"

"नाही!"

"मी हात वर केलाय. आता?"

"नाही दिसत!" दादा ओरडले, आणि तो आवाज ओरडण्याचा राहिला नाही. ते गवतावर दोन्ही तळवे टेकून बसले होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. मी माझ्या आयुष्यात एवढा भ्यालेला माणूस पाहिलेला नाही. समोर नुसतं एक कुंपण होतं आणि त्यातून एक म्हातारी बोलत होती, बस.

ती परत आली. धाप लागली होती. दादांच्या समोर उभी राहिली.

"सशाच्या मागं काय होतं?" तिनं विचारलं.

"झुडूप."

"झुडपाच्या मागं?"

दादांनी मान हलवली. ज्या माणसानं मला हा धडा दहादा शिकवला होता, तो शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होता.

"माझ्या नवऱ्याला सांगू नकोस," ती शेवटी म्हणाली. "त्याचं हृदय धड नाही. आणि तो स्वतःलाच दोष देईल, तुला चिडवलं म्हणून. हे आपल्या तिघांत राहू दे." मग म्हणाली, "मी तुला माफ केलं असं म्हणत नाही अजून. मला भीती वाटतेय. आधी ती जाऊ दे."

दादांनी दुसऱ्याच दिवशी रायफल बंदुकांच्या दुकानदाराकडे परत दिली, ते काडतूसही दिलं, आणि सशांचं नाव टाकलं. शेतकऱ्याला कारण कळलं नाही. तो पबमध्ये सांगू लागला, युअर मॅनची हिंमत संपली. मंडळातही बातमी पसरली, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच म्हणायला लागले, दादा शेवटी घाबरलेच. कोणी तोंडावर विचारलं तर दादा म्हणायचे, "हो, घाबरलो ना." एवढंच. मी दोनदा तोंड उघडायला गेलो, तर त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं.

रिव्हॉल्वर त्यांनी ठेवलं. रेंजवर जात राहिले. मी एकदा विचारलं, अजून आवडतं का? म्हणाले, "आवडतं. पण आता प्रत्येक गोळीनंतर मातीकडे बघतो. तिथं मातीच आहे ना म्हणून." पूर्वीसारखे मध्येच हसायचे मात्र नाहीत. गाडीही पुन्हा जुन्या रस्त्यानं, सिग्नल खात जाऊ लागली. मला उशीर व्हायचा आणि फार बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा फोन आला. दादा ऑफिसात माझ्या टेबलाशी आले, चेहरा उतरलेला. म्हणाले, "ती बोलावून राहिली." आम्हाला दोघांनाही वाटलं, आता काहीतरी वाईट. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. ब्लॅकबेरी पिकल्या होत्या. वर्षभर ती त्या कुंपणापाशी गेली नव्हती. जावंसं वाटत होतं, पण पाऊल उचलत नव्हतं. नवऱ्याला न्यावं तर तो विचारणार, कशाला भितेस? "तुला सांगावं लागत नाही," ती दादांना म्हणाली. "तू येशील?"

तेव्हापासून दर सप्टेंबरला दादा जायचे. मी २०१९ मध्ये लिमरिकला बदलून गेलो, त्याच्या आधी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. कुरणात आता गाई सोडलेल्या होत्या. दादांना गाईंची भयंकर भीती. अंगात रस्त्यावरच्या कामगारांसारखं झगझगीत पिवळं जाकीट घालून ते कुंपणाला पाठ लावून उभे होते. एका हातात तिची दुसरी, रिकामी बादली, दुसऱ्या हातात मोडकी छत्री गाईंच्या दिशेनं रोखलेली. एक गाय मान वर करून नुसती बघत होती, तरी ते तिला इंग्रजीत विनवत होते, "प्लीज, नो." तीही पलीकडच्या अंगाला तसलंच पिवळं जाकीट घालून तोडत होती, पण कुंपणाआड दिसत नव्हती. दर थोड्या वेळानं तिचा आवाज यायचा.

"आहेस का रे?"

"आहे," दादा ओरडायचे. "मी इथंच आहे."

मग फांद्या हलायच्या, बादलीत फळं पडल्याचा आवाज यायचा, आणि पुन्हा, "आहेस का?" आणि पुन्हा, "आहे." असं ऊन उतरेपर्यंत चाललं होतं. मध्येच तिनं बराच वेळ काही विचारलं नाही. दादांनी छत्री खाली केली, गाईकडे पाठ फिरवली, झुडपात तोंड घालून कान दिला. मग जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं, तिच्या चांगल्या कानाला पोचेल असं, ते म्हणाले,

"मी आहे हं. तुम्ही आहात ना?"